‘मी काय खाऊ?’ : एका किमोच्या तीन आठवड्यांची हकिकत

22 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. आत्याच्या तिसऱ्या किमोला दहा दिवस झाले होते. सकाळी सातच्या आत मामांनी परड्यातल्या कडुनिंबाचा कोवळा पाला खुडून आणला. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.) वहिनीनं (म्हणजे आत्याच्या सुनेनं) तो मिक्सरमधून काढला, फडक्यातून पिळला, त्यात ओली हळद किसून घातली, वर अर्धं लिंबू पिळलं. आत्यानं नाक दाबून तो हिरवा पेला रिकामा केला आणि वर पाणीसुद्धा प्यायली नाही, कारण फोनवर आलेल्या व्हिडिओतल्या माणसानं तसं सांगितलं असावं असं तिला वाटत होतं. त्या दिवसापासून तिचं दूध, साखर, चपाती आणि भात बंद झाला. दुसऱ्या कुठल्याशा मेसेजमुळे अंडंही गेलं. चौथ्या रात्री तिला ताप भरला आणि तो ताप घरात कुणालाच वाईट वाटला नाही.

हे प्रकरण मी आत्याच्या परवानगीनं लिहिते आहे. गाव आणि दवाखाना यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. मी पुण्यात एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधनाचं काम करते. घरात इंग्रजी नीट वाचणारी म्हणून सप्टेंबरपासून ‘नेटवर बघून सांग’ हे काम माझ्याकडे आलं होतं. त्यामुळे जे घडलं त्यात मी बघ्यासारखी नव्हते. माहिती शोधणारी, निवडणारी आणि पुढे पाठवणारी मीच होते.

आत्या एकोणसाठ वर्षांची. कृष्णाकाठचं गाव, घरचा ऊस, दोन म्हशी. गणपती विसर्जनानंतर तिनं वहिनीला काखेजवळची गाठ दाखवली. सुईची तपासणी, मग तुकडा तपासायला गेला, आणि स्तनाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, असं निदान झालं. गाठ मोठी आणि काखेतल्या गाठींपर्यंत गेलेली, म्हणून आधी किमो, मग ऑपरेशन, मग लाईट (म्हणजे किरणोपचार), असा क्रम डॉक्टरांनी ठरवला. दर एकवीस दिवसांनी एक डोस. पहिला 1 ऑक्टोबरला, दुसरा 22 ऑक्टोबरला, तिसरा 12 नोव्हेंबरला, चौथा 3 डिसेंबरला होणार होता. लाल रंगाचं औषध सलाईनमधून जायचं आणि दुसऱ्या दिवशी लघवीही लालसर व्हायची. दिवाळीच्या आत केस गेले. उपचार जनआरोग्य योजनेतून चालले होते, आणि हे सांगायलाच हवं की उपचार उत्तम चालले होते. दुसऱ्या डोसनंतर गाठ हाताला लहान लागत होती.

अडचण होती ती दोन डोसांमधल्या वीस दिवसांची. दवाखान्यात सांगितलं होतं, “सगळं खा, पौष्टिक खा.” एवढंच. पहिल्या डोसनंतर आत्यानं मला फोनवर विचारलं होतं, “डॉक्टर म्हणाले, काय बी खा. बाळ, काय बी म्हंजे काय? तोंडाला चव न्हाई, भाकरी टोचतीया. मी काय खाऊ ते बघून सांग की.”

या प्रश्नाचं उत्तर मला सात आठवडे सापडलं नाही. 21 नोव्हेंबरला ते अमृतसरहून आलं.

त्या गुरुवारी माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरच्या घरी पत्रकार परिषद घेतली आणि आपल्या पत्नी, माजी आमदार डॉ. नवज्योत कौर सिद्धू, चौथ्या स्टेजच्या कॅन्सरमधून पूर्ण बऱ्या झाल्याचं जाहीर केलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आहार बदलला आणि चाळीस दिवसांत कॅन्सर हरला, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. दिनक्रम तपशिलात सांगितला होता. सकाळी दहाला लिंबूपाणी, मग कच्ची हळद, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, कडुनिंबाची पानं, तुळस. आंबट फळं, कोहळा, डाळिंब, आवळा, बीट यांचे रस. संध्याकाळी साडेसहाच्या आत जेवण. दूध, साखर, गहू नाही. कॅन्सरला खायला घालू नका, तो उपाशी मरतो.

मी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला आहे, आणि त्यात मला फसवाफसवी दिसत नाही. बायको वाचल्याचा आनंद झालेला नवरा दिसतो. म्हणूनच तो एवढा आत शिरला. आत्याच्या घरी आला तो त्यातला कापलेला छोटा तुकडा, हिंदीतला, खाली मराठीत लिहिलेल्या यादीसकट. आत्यानं तो तीनदा ऐकला. मामांनी लगेच पाल्याची चौकशी केली.

त्या यादीत काय होतं आणि मी पाठवलेल्या माहितीत काय नव्हतं, हे मला नंतर कळलं. यादीत वेळ होती. वस्तू होत्या आणि त्यातल्या निम्म्या परड्यात, निम्म्या मंगळवारच्या बाजारात मिळत होत्या. मामांना काम होतं, कारण पाला त्यांनी आणायचा. वहिनीला काम होतं. दोन महिने बायकोजवळ नुसते बसून राहिलेल्या माणसाला पहाटे उठून करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. त्या चार दिवसांत मामा जितके तरतरीत होते तितके त्याआधी नव्हते, असं वहिनी सांगते.

आता मी काय शोधलं होतं ते. लॅपटॉपवर सप्टेंबर ते नोव्हेंबरचा सगळा इतिहास शिल्लक आहे, मी तो जानेवारीत बसून नीट वाचला. पहिल्या आठवड्यात बहुतेक शोध रिपोर्टमधल्या शब्दांचे होते. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असं लिहिलं होतं. कोविडनंतर खेड्यात ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. मामांनी विचारलं, “दोन पॉझिटिव्ह म्हंजे दोन जागी हाय का?” खरं तर ती त्यातल्या त्यात बरी बातमी होती. गाठीच्या पेशींना वाढायला स्त्रीसंप्रेरकं लागतात, त्यामुळे पुढे रोजच्या गोळीनं ती वाट अडवता येते, एवढाच त्याचा अर्थ. हे मला एका अमेरिकी संकेतस्थळावर उत्तम इंग्रजीत मिळालं, मी मामांना समजावलं आणि ते समजले. इथे नेटनं आपलं काम चोख केलं.

दुसऱ्या आठवड्यात मी जगण्याची टक्केवारी शोधली. कोणीही शोधतं. रात्री दीड-दोन वाजताचे शोध आहेत ते. अमेरिकेची आकडेवारी सांगत होती की गाठ काखेपर्यंत गेलेल्या बायकांत पाच वर्षांचा जगण्याचा दर 85 टक्क्यांच्या वर आहे. भारतातल्या नोंदणी केंद्रांच्या अभ्यासात, 2012 ते 2015 मध्ये निदान झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या सगळ्या रुग्णांचा मिळून तो 66.4 टक्के निघतो. दोन्ही आकडे खरे, दोन्ही जुन्या रुग्णांचे, आणि दोन्हींपैकी एकही आत्याचा नव्हे. मी धीर द्यायचा म्हणून अमेरिकेतला आकडा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, तो आईला वाचून दाखवला. आत्या त्या रात्री जेवली नाही. ‘पाच वर्षांचा जगण्याचा दर’ याचा तिनं लावलेला अर्थ होता, आता पाचच वर्षं राहिली. नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. तिनं बोटावर हिशेब केला की तो सहावीत जाईल तेव्हा आपण नसू.

हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही वहिनीकडून. माझी माहिती बिनचूक होती आणि तिनं आत्याला जे केलं ते कुठल्याही अफवेनं केलं नसतं. पाच वर्षं हा मोजण्याचा टप्पा आहे, त्यानंतरही माणसं जगतात, हे एक वाक्य मी जोडायला हवं होतं. त्या इंग्रजी पानावर ते होतं. मी फक्त आकडा उचलला.

मग खाण्याचे शोध. इंग्लंड-अमेरिकेच्या मोठ्या कॅन्सर संस्थांची पानं वाचून मी थक्क झाले, इतकी ती मायेनं लिहिली आहेत. तोंड आलं असेल तर काय, मळमळ असेल तर काय, वास नको झाला तर थंड पदार्थ खा, एकेक गोष्ट. पण पदार्थ कोणते? कस्टर्ड, ओटमील, पीनट बटर, मॅश केलेले बटाटे, कॅनमधलं सूप. यातलं मी आत्याला काय सांगणार होते? मराठीत ‘किमोथेरपीमध्ये काय खावे’ असं टाकलं तर पानंच्या पानं येत होती, आणि मी व्यवसायानं मराठी वाचणारी बाई, मला ती वाचवेनात. वाक्यं यंत्रातून काढलेली. एका ठिकाणी ‘पातळ मांस’ खाण्याचा सल्ला होता, म्हणजे कमी चरबीचं मांस म्हणायचं असावं. एकाच पानावर वर ‘दूध प्या’ आणि खाली ‘दुग्धजन्य पदार्थ टाळा’. शेवटी कुठल्यातरी पावडरीची जाहिरात. लक्ष्मणफळ किमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान असल्याचा जुना मेसेज तर मराठीत मला चार वेगवेगळ्या पानांवर मिळाला.

मी त्यावर काहीच पाठवलं नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून मोकळी झाले. डॉक्टर म्हणाले होते, सगळं खा.

आत्याच्या स्वयंपाकघरात ती जागा रिकामी होती. तिथे अमृतसरची यादी येऊन बसली.

शनिवारी, 23 नोव्हेंबरला, टाटा मेमोरियल रुग्णालयानं निवेदन काढलं. तिथल्या आजी-माजी मिळून 262 कॅन्सरतज्ज्ञांच्या सह्या त्यावर होत्या. दूध-साखर बंद करून कॅन्सरला उपाशी मारता येतं, हळद-कडुनिंबानं तो बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. यातल्या काही पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण कॅन्सरवरचं औषध म्हणून ते सुचवावेत असे निष्कर्ष आज हातात नाहीत. सिद्ध न झालेल्या उपायांच्या नादानं उपचार लांबवू नका, लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे, शक्यतो कॅन्सरतज्ज्ञांकडे जा. वेळेत सापडला तर कॅन्सर बरा होतो, आणि त्याचे सिद्ध उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि किमो. रुग्णालयाचे संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी वेगळं लिहिलं की त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि किमो झाली होती, त्या बऱ्या झाल्या त्या त्यामुळे.

एवढ्या डॉक्टरांनी दोन दिवसांत एका कागदावर सह्या करून एका प्रसिद्ध माणसाला उघडपणे खोडून काढणं ही आपल्याकडे फार दुर्मीळ गोष्ट आहे. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो. सिद्धू यांनीही 25 तारखेला खुलासा केला की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच पाळला होता आणि तो उपचाराला साहाय्य म्हणूनच पाहावा.

पण आत्याच्या घरात काय झालं ते बघा. 23 नोव्हेंबर हा विधानसभेच्या निकालाचा दिवस. सकाळपासून ग्रुपवर फेऱ्यांचे आकडे, आघाड्या-पिछाड्या, दुपारनंतर गुलाल. मी संध्याकाळी निवेदनाचा फोटो टाकला. त्याच्या खाली मिनिटाभरात मिरवणुकीचे सतरा फोटो आले. सगळ्यांच्या निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं असं मी धरून चालले. डिसेंबरात मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “इंग्रजीत होतं गं. टाटाचं नाव बघितलं, म्हटलं देणगीचं काय तरी असंल.”

मी त्यांना निवेदन मराठीत वाचून दाखवलं. ऐकून आत्या म्हणाली, “पर हे मला कुठं हाय? मी दवाखाना सोडलाच न्हाई.”

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे. निवेदन लिहिलं होतं ते उपचार टाळणाऱ्या माणसासाठी. तो धोका खराच आहे. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपायांवर राहिलेल्या रुग्णांचा अमेरिकेत एक अभ्यास झाला, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका पाच पटींहून जास्त आढळला. पण आत्यासारख्या असंख्य घरांत कोणी किमो सोडत नाही. किमोच्या जोडीला काहीतरी चालू करतात, आणि ते डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ते ओरडतील. या जोडीच्या वाटेबद्दल त्या निवेदनात तिच्यासाठी काही नव्हतं. ‘हे करू नका’ होतं. ‘मग सकाळी उठून काय करू’ हे नव्हतं.

सोमवारी, 25 तारखेला, रात्री साडेनऊला आत्याला थंडी वाजून आली. थर्मामीटरनं 101 दाखवलं. वहिनी आधी घाबरली. पण दादाच्या फोनवर आधीच एक मेसेज होता, की शरीर शुद्ध होताना ताप, जुलाब, अंगावर पुरळ असं काहीही येतं, घाबरू नये, विष बाहेर पडत असतं. पाला सुरू करून चौथा दिवस होता. सगळं जुळत होतं. आत्याला गोधडी घातली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, एक पॅरासिटामॉल दिली. ताप उतरला, पहाटे पुन्हा चढला. सकाळी सातला दादानं गाडी काढली. चाळीस मिनिटांचा रस्ता, त्यात गळीत सुरू झालेलं, उसाच्या ट्रॉल्या. दवाखान्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 1,100. साधारण 4,000 ते 11,000 असाव्या लागतात.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “ताप कधी आला?”

“रात्री साडेनऊला.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काही न बोलता सिस्टरना हाक मारली. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवस आत्या तिथे होती.

किमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या तशा, केसांच्या मुळांच्या, तोंडातल्या, आणि अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत या पेशी तळाला जातात. तेव्हा एरवी साधा वाटणारा जंतू रक्तात पसरू शकतो आणि अंगात लढायला फौजच नसते. म्हणून किमोच्या माणसाला 100.4 च्या वर ताप आला तर तो दवाखान्यात जायचा ताप, रात्री दोन वाजता आला तरी. यात तासांचा हिशेब असतो.

पाल्याच्या रसानं ताप आला असं मी म्हणणार नाही. चौदावा दिवस होता, रस न घेताही तो येऊ शकला असता. परड्यातला कच्चा पाला, मिक्सर, फडकं, यातून जंतू पोटात जाण्याची शक्यता वाढली, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. हळदीचंही तसंच. फोडणीतल्या हळदीला कोणाची हरकत नाही. पण हळदीतला मुख्य घटक भरपूर घेतला तर किमोच्या एका औषधाचा परिणाम कमी झाल्याचं 2002 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं, आणि ते औषध आत्याच्या डोसमध्ये आहे. माणसांत तसं होतंच असं सिद्ध नाही. पण बरं करेल हेही सिद्ध नाही, मग डोस चालू असताना वाटीभर रस कशासाठी?

साखरेचा मुद्दा मला जास्त छळत होता, कारण त्यात अर्धं खरं आहे. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात. पेट स्कॅन त्यावरच चालतो, साखरेसारखं औषध टोचतात आणि गाठ चमकते. दादानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलं होतं. ‘साखर बंद, गाठ बंद’ हे त्याला पटलं यात त्याची काय चूक? पुढचं अर्धं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साखर खाल्ली नाही तरी शरीर ती बनवतं, आणि पोटात काही नसेल तर स्वतःच्या स्नायूंतून बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतो तो माणूस. 12 तारखेला आत्याचं वजन 50 किलो होतं. 26 ला 47.4.

चौथा डोस 3 डिसेंबरऐवजी 10 ला गेला.

आता मला माझी चूक सांगायची आहे. दवाखान्यातून पहिल्या डोसला मिळालेल्या कार्डाच्या मागे, बारीक इंग्रजीत, सहाव्या क्रमांकावर लिहिलं होतं की ताप 100.4 च्या वर गेला तर ताबडतोब कळवा. खाली फोन नंबर होता. त्या कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये ऑक्टोबरपासून होता. मी अमेरिकेतल्या बायकांचे आकडे वाचले, उंदरांवरचे प्रयोग वाचले, आणि आत्याच्या उशाशी असलेलं कार्ड वाचलं नाही. घरातल्या बाकी कुणाला ते वाचता येत नव्हतं.

युटा विद्यापीठातल्या कॅन्सर संस्थेच्या संशोधकांनी समाजमाध्यमांवरचे सर्वांत लोकप्रिय 200 लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते, स्तन, प्रोस्टेट, आतडं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचे. 2021 साली आलेल्या त्या अभ्यासात सुमारे तिसरा हिस्सा लेख चुकीचे निघाले, आणि चुकीच्या लेखांना प्रतिसाद जास्त होता. ते इंग्रजीतलं. भारतात 2022 सालच्या अंदाजानुसार वर्षाला 14 लाखांवर नवे रुग्ण, त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या 1 लाख 92 हजार बायका. त्यांच्यातल्या ज्या मराठीत शोधतात त्यांच्यासाठी चूक-बरोबरच्या आधीचाच प्रश्न आहे. बरोबर माहिती समोर येईल अशी आहेच किती? सिद्धूंच्या व्हिडिओवर बंदी घाला म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला न्यायालयानं ती ऐकून घ्यायला नकार दिला, तो त्यांचा विचार आहे, ज्याला पटत नाही त्यानं उत्तर द्यावं अशा आशयानं. कॅन्सरवरच्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना 1954 सालच्या कायद्यानं बंदी आहे, पण घरातला अनुभव सांगणं ही जाहिरात नव्हे. मला न्यायालयाचं बरोबर वाटतं. तो तुकडा काढून टाकला असता तर तशाच दुसऱ्या तुकड्याला आत्याच्या घरी जागा होतीच.

ती जागा भरली ती दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी ती आत्याच्या खाटेवर बसली आणि तिनं आधी काही सांगितलं नाही. विचारलं, “मावशी, घरी काय काय शिजतं?” आत्या सांगत गेली आणि ती लिहीत गेली. मग त्याच कागदावर खुणा केल्या. भाकरी टोचते तर गरम दुधात कुस्करून, झाकून ठेवून, मऊ झाल्यावर. दूध म्हशीचं, चांगलं उकळलेलं. दिवसाला दोन अंडी, पूर्ण उकडलेली. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं, आणि तुम्हाला दिवसाला साठ तरी हवीत, असं तिनं बोटावर मोजून दाखवलं. मुगाची खिचडी, वर तूप. आमटी घट्ट, त्यात शेंगदाण्याचं कूट. कच्ची कोशिंबीर आणि कच्चे रस पेशी वर येईपर्यंत नकोत. फळ सोलून खायचं, केळं, संत्रं. तिखट वाटेल तर खर्डा बंद.

आत्यानं भीत भीत विचारलं, “आन् कडूलिंबाचं?”

ती ओरडली नाही. म्हणाली, “मामांना पहाटे उठायची सवय लागलीय ना? त्यांना अंडी उकडू दे.”

मामा खरोखर अंडी उकडायला लागले. घड्याळ लावून बारा मिनिटं.

मी त्या कागदाचा फोटो घेतला, दवाखान्याच्या कार्डातल्या सहाव्या क्रमांकाचं मराठी केलं, ‘ताप 100.4 च्या वर गेला तर गोळी देऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं’, आणि दोन्ही माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं. दोन मिनिटं दहा सेकंदांचा आवाज आहे. आहारतज्ज्ञांना आधी ऐकवला, त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, ती केली. वहिनीनं तो गावातल्या बचतगटाच्या ग्रुपवर टाकला.

आत्याचा चौथा डोस झाला, मग दर आठवड्याच्या औषधाचे बारा, मग ऑपरेशन, मग लाईट. आता रोजची गोळी चालू आहे आणि तीन महिन्यांनी दाखवायला जाते. वजन 52 आहे.

गेल्या महिन्यात तिच्या फोनवर एक नवा व्हिडिओ आला, कुठल्यातरी मुळीच्या काढ्याचा. पाठवणारी शेजारच्या वाडीतली बाई, नुकताच तिचा दुसरा डोस झालेला. आत्यानं तिला फोन लावला, मी समोरच बसले होते. काढ्याविषयी ती चकार शब्द बोलली नाही. “डोस कवा झाला तुझा?” तिनं विचारलं. “आठ दिस झालं? मग थर्मामीटर हाय का घरात?” पलीकडून बहुतेक नाही आलं. आत्यानं फोन कानाला तसाच ठेवून मामांना हाक मारली आणि कपाटातला थर्मामीटर काढून त्यांच्या हातात दिला. मामा सायकल घेऊन वाडीकडे निघाले.